जचकीनंतर बाईला कोण विचारतं?

माझ्या दुसऱ्या बाळंतपणानंतर चौदाव्या दिवशी आशाताई घरी आल्या. मी माहेरी होते, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी. त्यांनी बाळाला झोळीत घालून वजन केलं, थर्मामीटर लावलं, बेंबी पाहिली, दिवसातून किती वेळा पाजता ते विचारलं. फॉर्मवर आईसाठीही काही रकाने असतात. ताप आहे का, अंगावरून किती जातं, जेवण किती वेळा. त्यांची उत्तरं अम्मीने दिली. मी तिथेच पलंगावर बसले होते. उठता उठता ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही बऱ्या आहात ना?" मी 'हो' म्हणाले. त्या वेळी मला सलग चार रात्री झोप नव्हती आणि बाळाला घेऊन गच्चीवर जायची भीती वाटत होती. का वाटत होती, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आशाताईंचा यात दोष नाही. ही घरभेटीची पद्धत गडचिरोलीच्या 'सर्च'मधून आली, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून. देशभर ती २०११ पासून राबवली जाते. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा फेऱ्या होतात. तिने हजारो बाळं वाचवली आहेत. प्रश्न इतकाच की त्या सहा फेऱ्यांमध्ये बाई स्वतःच्या तोंडाने किती वेळा बोलते?

आपल्याकडे 'तबियत' हा शब्द फार सैल वापरला जातो. दखनीत 'तबियत कैसी है' म्हणजे प्रकृती कशी आहे. मराठीत 'तब्येत सुटली' म्हणजे अंगाने भरली. बाळंतीण चाळिशीनंतर गोरीगोमटी, भरल्या अंगाची दिसली की मायक्याची वाहवा होते. म्हणजे आजूबाजूच्यांनी डोळ्यांनी मोजायची ती तबियत. दवाखान्यातली तबियत रिपोर्टवर असते, हिमोग्लोबिन किती, बीपी किती. आणि बाई स्वतः काय म्हणते? ती म्हणते 'कमजोरी है'. 'जी घबराता'. 'दिल नै लगता'. या तीन वाक्यांत तिचं सगळं येतं. रक्त कमी असणं येतं, कंबर धरणं येतं, नवऱ्याने आठ दिवसांत फोन न करणं येतं, तिसरीही मुलगी झाली हेही येतं. डॉक्टर 'कमजोरी' ऐकून टॉनिक लिहून देतात. घरचे हरीरा करून देतात. दोन्ही चांगलंच आहे, पण तिने विचारलेल्या प्रश्नाचं ते अर्धंच उत्तर असतं.

गंमत बघा, 'जचकी' हा शब्द आपण मराठीत सर्रास वापरतो, विदर्भ-मराठवाड्यात तर हिंदू घरांतही. तो फारसीतल्या 'जचगी'वरून आलेला. शब्द जसा दोन्हीकडचा, तशा रीतीही. आमच्याकडे चिल्ला, म्हणजे चाळीस दिवस. शेजारच्या काकूंकडे सव्वा महिना. आमच्याकडे गोंदाचे लाडू, त्यांच्याकडे डिंकाचे. उशाखाली लोखंड दोन्ही घरांत, कानाला फडकं दोन्ही घरांत, शेगडीचा शेक आणि ओव्याची धुरी दोन्ही घरांत. मुस्लिम बाया अमुक अंधश्रद्धा पाळतात म्हणून जे लेख येतात, ते लिहिणाऱ्यांनी आधी स्वतःच्या आजीला विचारून यावं.

मी चिल्ल्याची टिंगल करणार नाही. चाळीस दिवस बाईने पाण्याची घागर उचलायची नाही, स्वयंपाकघरात जायचं नाही, रोज तेल लावून गरम पाण्याने अंघोळ, हातात गरम यखनी. ही रीत कुठल्याही सरकारी योजनेपेक्षा मोठी आहे. बाकी वर्षभर जिला बसायची परवानगी नाही, तिला या काळात तरी निजू दिलं जातं. आमच्या बाया 'सेहत' म्हणजे काय समजतात, तर बऱ्याच अंशी हेच. कुणीतरी आपल्यासाठी करतंय हे.

पण चिल्ला सगळ्यांच्या नशिबी नसतो. ज्यांची आई वारली, ज्यांचं मायका गरीब आहे, ज्यांनी घरच्यांच्या मर्जीविरुद्ध निकाह केला, त्यांना तो मिळत नाही. आमच्या गल्लीत एक बाई कपडे शिवायचं काम घरी आणते. नगावर पैसे. तिसऱ्या मुलाच्या वेळी अठराव्या दिवशी ती मशीनवर बसलेली मी पाहिली, टाके ओले असताना. सोलापुरात विड्या वळणाऱ्या, मालेगाव-भिवंडीत लूमच्या जोडीने घरी सूत भरणाऱ्या बायांचंही वेगळं नाही. त्यांना 'आराम करा' असा सल्ला देणं सोपं आहे. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. तेही कागद जुळले तर. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, निकाहनामा उर्दूत. आमच्याकडे कागद जुळता जुळता मूल चालायला लागतं.

आणि चिल्ल्यातल्या काही गोष्टी सरळ चुकीच्या आहेत, तेही म्हणायला हवं. 'पानी कम पी, पेट लटकेगा' हे मी स्वतः ऐकलंय. पाजणाऱ्या बाईला पाणी तोडायचं? परिणाम काय होतो ते प्रत्येक बाळंतिणीला माहीत आहे, फक्त शौचाच्या गोष्टी कुणी चारचौघांत बोलत नाही. पहिलं पिवळट दूध, चिक, काढून टाकणं आणि आधी मध चाटवणं अजून थांबलेलं नाही. जन्मानंतर पहिल्या तासात बाळाला छातीशी लावणाऱ्या आया देशात निम्म्याही नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा आकडा ४१.८ टक्के आहे. बाळंतपणं मात्र ८८.६ टक्के दवाखान्यात झालेली. म्हणजे बाई दवाखान्यात पोचली, पण पहिल्या तासात तिच्याजवळ बसून सांगणारं कुणी नव्हतं.

रक्ताचंच घ्या. याच सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय निघाला. आमच्या घरांत यावर ठरलेलं उत्तर असतं, "अपने यहां तो गोश्त पकता, खून कायकू कम होता?" गोश्त पकता हे खरं. पण भगोण्यातली बोटी कुणाच्या ताटात जाते? आधी मर्द, मग मुलं, मग सासू, आणि शेवटी सुनेला शोरबा आणि कालची भाकरी. वर जेवणानंतर लगेच कडक चहा, जो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. सरकारी लाल गोळ्या गरोदरपणी १८० दिवस आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात. दुसरे १८० दिवस बहुतेक बायांना ठाऊकच नसतात. पहिल्यांतल्या निम्म्या गोळ्या डब्यात पडून राहतात, कारण त्या 'गरम' पडतात, शौचाला काळं होतं, मळमळतं, आणि 'बच्चा काला होता' असं कुणीतरी सांगितलेलं असतं. नर्सने एक वाक्य जरी सांगितलं की काळं होणं हे गोळीमुळेच आहे, घाबरू नको, तर बाई गोळी घेते. मी घेतली. मला ते वाक्य मेडिकलवाल्या मुलाने सांगितलं.

आता रमजान. गरोदर आणि पाजणाऱ्या बाईला, तिला किंवा बाळाला त्रास होण्याची भीती असेल तर, रोजा न धरण्याची मुभा आहे. नंतर भरून काढायचा. हे मदरशात शिकलेल्या मुलीलाही माहीत असतं. तरी बाया रोजे धरतात. बाहेरच्यांना वाटतं, धर्माची सक्ती. मी ज्यांना विचारलं त्यांची कारणं वेगळीच निघाली. एक म्हणाली, सगळं घर सहरीला उठतं, मी एकटीने दिवसा ताट घेऊन कुठे बसू? दुसरी म्हणाली, नंतर एकटीने कझा रोजे धरणं दहा पटीने अवघड. माझ्या खालाकडे एक वही होती. पाच बाळंतपणं, पाच वेळा पाजणं, त्यात सुटलेल्या रोज्यांचा हिशेब. साठी उलटल्यावरही ती हिवाळ्यातले लहान दिवस बघून एकेक फेडत होती. त्या वहीत तिच्या गर्भारपणाचा जितका चोख इतिहास होता, तितका कुठल्या दवाखान्यात नसेल. तिसरी म्हणाली, रोजा धरला की मन शांत राहतं. तेही आरोग्यच आहे, ते खोटं कसं म्हणायचं?

दवाखान्यात मात्र दोनच प्रकार दिसतात. एक तर डॉक्टर विचारतच नाहीत आणि बाई सांगत नाही. किंवा 'रोजा वगैरे अजिबात नाही' म्हणून झटकतात, मग बाई खोटं बोलते. रोजा धरते आणि दिवसाची गोळी सोडते. मधला रस्ता आहे की. साखर, बीपी किंवा रक्त फार कमी असेल तर रोजा धरू नकोस हे स्पष्ट सांगायचं. बाकीच्यांना इफ्तारनंतर आणि सहरीला काय खायचं, पाणी किती प्यायचं, गोळी कधी घ्यायची, चक्कर आली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच रोजा सोडून दवाखान्यात यायचं, हे समजावायचं. पाच मिनिटांचं काम. आणि हीच पाच मिनिटं रमजानच्या आधीच्या जुम्याला मिंबरवरूनही देता येतील. मुभा अल्लाहने दिलीय, ती घरातल्या मर्दांना ऐकवली तर सुनेला दिवसा ताट घेऊन बसायला जागा मिळेल. आमच्या मोहल्ल्यात झकातवर चार जुमे बयान होतं. यावर मी एकदाही ऐकलेलं नाही. भोंग्यावरचं बयान घरात ऐकू येतं म्हणून सांगते.

निफासचंही असंच. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव चालू असेपर्यंत नमाज-रोजा नाही. हनफी फिकहात त्याची जास्तीत जास्त मुदत चाळीस दिवस, कोकणातले मुसलमान शाफई, त्यांच्यात साठ. कमीत कमी मुदत नाहीच. पंधराव्या दिवशी रक्त थांबलं तर गुस्ल करून नमाज पढता येते. पण घराघरांत 'चाळीस म्हणजे चाळीस' असं होऊन बसलंय. जिला नमाजेत सुकून मिळतो, अशा बाईचा तोच आधार सव्वा महिना विनाकारण तोडला जातो. मला त्या दिवसांत सर्वांत जास्त उणीव सजद्याची होती. माझं रक्त बाविसाव्या दिवशी थांबलं होतं. मला माहीत होतं, तरी मी अम्मीला बोलले नाही.

यात एक गोष्ट डॉक्टरांनी लक्षात घ्यावी. फिकहमुळे आमच्या बायांना स्वतःच्या रक्तस्रावाचा हिशेब ठेवायची सवय असते. कोणत्या दिवशी सुरू, कधी थांबलं, रंग कसा, मुदतीबाहेर गेलं का. मुदतीबाहेरच्या स्रावाला शास्त्रात नावही वेगळं आहे, इस्तिहाजा, आणि ते बिमारी म्हणूनच धरलं जातं. इतकं अचूक निरीक्षण असलेली बाई डॉक्टरपुढे गप्प बसते, कारण पडद्यामागे पाच जण उभे असतात आणि तपासणारा पुरुष असतो. बाळंतपणात बाई दगावण्याचं आपल्या देशात सर्वांत मोठं कारण अतिरक्तस्राव आहे. तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, घाण वास, थंडी वाजून ताप, डोकं फुटल्यासारखं दुखून डोळ्यांपुढे अंधारी, यांतलं काहीही झालं तर चाळीस दिवस पुरे व्हायची वाट बघायची नसते. त्याच तासाला निघायचं. तिने मोजून ठेवलेलं असतं, तिला फक्त विचारावं लागतं.

गप्प बसण्याचं हे दुखणं आपल्या एकट्यांचं नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. तपासलेल्या ९२ टक्के बायांना काही ना काही स्त्रीरोग निघाला होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. बाकीच्या तो त्रास बाईच्या जन्माचा भाग समजून चालवून घेत होत्या. अम्मीचं वाक्य आठवा, "सबकू होता, बाई."

मला जे झालं, तेही 'सबकू होता' मध्येच गेलं असतं. तिसऱ्या आठवड्यात मी जेवण सोडलं. बाळ रडलं की मला उठावंसं वाटेना, आणि उठले नाही म्हणून स्वतःची किळस यायची. अम्मी म्हणायची, "बच्चा अच्छा है ना, फिर तू कायकू रोती? नाशुक्री नको करू." मग शेजारच्या खालांनी निदान केलं, साया. अम्मी एका हजरतांकडे घेऊन गेली. त्यांनी पाणी दम करून दिलं, गळ्यात तावीज बांधला. आज मी त्यावर हसत नाही. कारण त्या एका महिन्यात 'यात तुझी चूक नाही, तुला काहीतरी झालंय' असं मला पहिल्यांदा सांगणारे तेच होते. साया म्हटलं की दोष बाहेरचा होतो. डिप्रेशन म्हटलं की आमच्याकडे 'पागल' ऐकू येतं, आणि पागल सुनेला माहेरी ठेवून घेतात. बाया कुठलं नाव निवडतात यामागे इतका साधा हिशेब असतो. पण तावीजने झोप आली नाही. झोप आली ती भाभीने रात्री बाळ स्वतःकडे घेतल्यावर, आणि जिल्ह्याच्या गावी एका डॉक्टरबाईंनी दार लावून, अम्मीला बाहेर बसवून, 'स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का' असं सरळ विचारल्यावर. औषध सहा महिने घेतलं. दूध पाजताना चालणारं होतं.

गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतिणींचा अभ्यास केला होता, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, मुलगी होणं, याने ते वाढत होतं. पुढे त्याच गटाने त्या आयांशी बसून गप्पा केल्या. आयांनी लक्षणं तर सगळी सांगितली, पण याला आजार कुणी म्हटलं नाही. घरची तंगी, नवऱ्याचं वागणं हेच कारण त्यांनी सांगितलं. मला वाटतं त्यांचंही बरोबर होतं. आजार होता आणि कारणही तेच होतं.

मौलानांना मी दुसरं उदाहरण देईन, रावळपिंडीचं. डॉ. आतिफ रहमान यांनी तिथल्या खेड्यांतल्या लेडी हेल्थ वर्करना, म्हणजे तिथल्या आशाताईंनाच, नैराश्यातल्या आयांशी कसं बोलायचं ते शिकवलं. घरी जाऊन, सासूलाही सोबत बसवून. बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर पाहिलं तर शिकवलेल्या भागात २३ टक्के आयांचं नैराश्य उरलं होतं, बाकी भागात ५३ टक्के. २००८ मध्ये हेही 'लॅन्सेट'मध्ये आलं. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे तीच पद्धत पुस्तिका करून जगाला दिली. आपल्याकडे बोलायला कुणीच नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे.

नाशुक्रीवाल्यांना सूरह मरियमची आठवण करून द्यावीशी वाटते. कळा सोसत खजुराच्या बुंध्याशी एकट्या टेकलेल्या मरियम अलैहिस्सलाम यांनी मरणाची इच्छा बोलून दाखवली. त्यावर त्यांना कुणी रागावलं नाही, शुक्र करायला सांगितलं नाही. दुःख करू नका म्हटलं गेलं, पायाशी वाहतं पाणी दाखवलं गेलं, खजूर दिले गेले, आणि लोकांशी बोलण्यापासूनही मोकळीक मिळाली. आमच्या घरांत बाळंतिणीला खजूर मात्र आवर्जून देतात.

बाळंतपणात गेलेल्या बाईला शहादतचा दर्जा आहे असं हदीसमध्ये येतं. माझा त्यावर ईमान आहे. पण रिक्षा मिळेपर्यंत अंगणात रक्त जाऊन गेलेल्या एका पंचवीस वर्षांच्या मुलीच्या मय्यतीला हेच वाक्य मी मर्दांच्या तोंडून तीनदा ऐकलं, आणि १०८ ला फोन का केला नाही हे कुणी कुणाला विचारलं नाही.

दवाखान्यांनीही ऐकून घ्यावं. लेबर रूममध्ये कळा देताना मला विचारलं गेलं, "तुमच्यात किती करतात अजून?" ते माझं दुसरं होतं. मुस्लिम स्त्रियांचा प्रजनन दर १९९२-९३ मध्ये ४.४ होता, २०१९-२१ मध्ये २.३६ वर आलाय. पण आकडे वाचून कुणी टोमणे थांबवत नाही. अशा एका वाक्यानंतर बाई पुढची तपासणी टाळते, आणि मग तिच्या कार्डावर 'सहकार्य करत नाही' असं लिहिलं जातं. बाळंतपणाच्या वेळी सोबत एक बाई ठेवायची मुभा केंद्र सरकारने २०१६ पासून दिलेली आहे. मागून घ्यावी लागते, पण मागावी.

गेल्या हिवाळ्यात भाभीचं सिझर झालं. आशाताई त्याच. त्यांनी बाळाचं वजन केलं, फॉर्म भरला, पिशवी उचलली. अम्मी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बच्चे का हो गया ना ताई, अब इसकू पूछो. मैं बाहर बैठती." ताई परत खाली बसल्या. अम्मीने मलाही हाताला धरून बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं.